गुबगुबीत अक्षरं

१८ मार्च १९७४
उजवा हात प्लास्टरमध्ये. पाटी लावताना शिडीवरून घसरलो. चनबसप्पांच्या रसवंतीची पाटी अर्धीच राहिली. उन्हाळा तोंडावर, ते थांबायचे नाहीत. अक्कम्मा म्हणाली, "अवो री, मी पुरी करू का? रंग रोज मीच कालवते की." कर म्हणालो. बायकोशिवाय दुसरं होतं कोण!

२१ मार्च
हे काय काढलंय तिनं! माझी सरळ अक्षरं खरवडून टाकली. तिची सगळी गोल, फुगलेली, गुबगुबीत. शिरोरेघ झोपाळ्यासारखी. 'स'चं पोट सुटलंय, 'व' मागं रेललाय — खाली गुलाबी सावली. विचारलं, कुठं बघितलंस असलं? "बिस्किटाच्या डब्यावर इंग्रजी अशी होती. मी आपल्यात आणली."
पुसून टाक म्हणणार, तेवढ्यात चनबसप्पा आले. बघून हसतच राहिले. "लई झाक. उसाचा रस प्यायलेली अक्षरं हायत ही."

११ एप्रिल
आइस्क्रीमवाला, सायकलवाला, बँडवाले मल्लप्पा — गल्लीतल्या सगळ्यांना तसलीच हवीत. मल्लप्पांच्या गाडीवरची वाचायला पोरं मागं पळतात.
माझी पाटी बघून रस्त्यात कुणी कधी थांबलं नाही. वीस वर्षं झाली. रेघ इकडची तिकडं होऊ दिली नाही मी.
ती भाकरी थापत असते तेव्हा तिच्या हाताकडं बघतो. राग येतो.

३० एप्रिल
प्लास्टर निघालं. ती बाजारात गेल्यावर एक 'स' काढून बघितला. फुगला नाही — सुजला.
पुसला.

४ मे
नव्या टॉकीजचे मॅनेजर शरच्चंद्र आले. परगावचे. टॉकीजची दर्शनी भिंत रंगवायची. "बँडच्या गाडीवरची अक्षरं कुणी काढली?"
"मी," म्हणालो.
अक्कम्मा चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. कप ठेवले, आत गेली. ते गेल्यावर सांगितलं, दुकान माझ्या नावावर आहे, म्हणून तसं बोललो. "व्हय," म्हणाली.

५ मे
ती वळसंगला, माहेरी गेली. ब्रश घेऊन गेली.

१६ मे
भिंत दोनदा पांढरी केली. दोन्ही वेळा अक्षरं मेलेली. शरच्चंद्र खाली उभे राहून म्हणाले, "अहो, ती गाडीवरची मजा यात नाही." शेवटी सांगून टाकलं — ती बायकोची. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मग त्यांना घेऊन या."
हे जास्त लागलं. उद्या एसटीनं जातो. चुकलो म्हणायचं. ती येईल.

१७ मे
सासऱ्यांच्या ओट्यावर पिठाच्या गिरणीची पाटी वाळत होती. शेजारी कापडवाल्याची. दोन्हींच्या कोपऱ्यात बारीक — 'अक्कम्मा पेंटर, वळसंग'.
तिनं पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "पाटीवर काय लिहायचं हाय?"