आधणाची वेळ

अब्बा, आपल्या गावच्या रेडिओ केंद्राचं मीडियम वेव्ह बंद झालं. सड्यावरचा, गावावरच्या त्या कातळमाळावरचा मनोराही उतरवला. तुमच्याबरोबर यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनिअर काकांचा फोन आला, तेव्हा मी इथे जेद्दात ओट्याशी सुरमई साफ करत होते.

केंद्र नवं होतं तेव्हा लोक नुसते तुम्हाला बघायला फाटकाशी यायचे म्हणे, आणि निराश होऊन परत जायचे. आवाज धिप्पाड आणि माणूस मूठभर! संध्याकाळी तुम्ही समुद्राचं हवामान वाचलंत की बंदरावरचे तांडेल होड्या काढायच्या की नाही ते ठरवायचे, आणि घरात अम्मी भात कधी टाकायचा ते ठरवायची. ‘आपलं प्रसारण इथंच संपतंय’ असं तुम्ही म्हणालात की ती मला हाक मारायची, ‘संपला गो तुज्या अब्बांचा, आधण ठेव.’ तुम्ही सायकलवरून सडा उतरून येईस्तोवर भात वाफेवर असायचा. आवाज बसलेला वाटला तर ताटाशेजारी आल्याचा काढा असायचा. तिला कसं कळलं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. घरात तुम्ही बोलायचातच कुठे? सगळं बोलणं माइकपाशी ठेवून यायचात.

त्या काळी केंद्रात टेपांचा कायम तुटवडा. नवं काही घ्यायचं तर जुन्यावरच घ्यायचं. मुलांच्या कार्यक्रमात मी कविता म्हटली होती, तुम्हीच निवेदक होतात. ती टेप पुन्हा लागेल म्हणून मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं, आणि तुम्ही तिच्यावर एका म्हाताऱ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्यात. मी जेवले नाही त्या दिवशी. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘तू उद्या पण बोलशील. ती म्हातारी उद्या हाय काय?’

तुम्ही गेल्यावर मी केंद्रात तुमचा आवाज मागायला गेले. टेपांवर जाखडीवाले होते, नमनवाले होते, गावोगावचे लोककलावंत होते, तुम्ही नव्हतात. आपलंच पुसून तुम्ही सगळ्यांना जागा करून दिली होती. मला राग आला, अब्बा, तो अजूनही पुरता गेलेला नाही. अम्मी होती तोवर ती तुमची नक्कल तरी करायची. आता तीही नाही, आणि माझ्या मुलीने तुमचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

या शुक्रवारी दुपारी काकांनी मोबाईलवर काहीतरी पाठवलं. केंद्राची खोली रिकामी करताना त्यांनी त्या आजीची टेप लावून पाहिली होती. आजी लवकर थांबली होती, आणि पुढचा तुकडा पुसायचा राहून गेला होता. जातं थांबतं, जराशी खरखर होते, आणि मग तुम्ही. ‘शाब्बास! बालमित्रांनो, आपलं प्रसारण इथंच संपतंय.’

माझी कविता गेली, तुमची शाब्बासकी राहिली. ती तुम्ही दिली होतीत हेच मी विसरले होते. कविता पुसल्याच्या रागात तेवढं मनातून पुसलं गेलं असावं.

मुलगी जवळ येऊन म्हणाली, ‘मम्मी, ये कौन बोल रहा है?’

‘तुझे नाना.’

‘बस इतना ही?’

‘घरात तर एवढंही नाही गं.’ ती हसली आणि तिनेच ते पुन्हा लावलं. मग मी पुन्हा. मग तिने.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. पहिल्यांदा ‘संपतंय’ ऐकल्याबरोबर मी उठून आधण ठेवलं होतं. आमची जेवणं तर केव्हाच झाली होती.