दिवाळसणाला दिलेलं पार्थियन नाणं

ब्रॅकनेल, इंग्लंड, १४ नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

नंदाच्या पत्रातून कळलं ते असं:
१. दिवाळसणाला तुम्ही जावयांना प्राचीन इराणातल्या पार्थियन राजाचं चांदीचं नाणं दिलंत.
२. शशिधररावांनी ते चिंचेनं घासलं.
३. तुम्ही ते घासू दिलंत.

मी बरी आहे. ऑफिसात कायम झाले, जाड कोट घेतला. तुमचा गुडघा कसा आहे?

नंदा लिहिते, "ताई, आता कसं नव्यासारखं चमकतंय!" तो काळसर थर शतकानुशतकं साचलेला होता, तो घासायचा नसतो. तिला ते माहीत नसणार. तुम्ही नाण्याच्या मागच्या बाजूचा धनुर्धारी मला भिंगातून दाखवायचात, तेव्हा ती अंगणात लगोरी खेळत असायची. नाण्याचं वजन मी शाळेच्या प्रयोगशाळेत केलं होतं, ३.८२ ग्रॅम. तुम्ही ते नाण्याच्या पाकिटावर लिहून खाली माझं नाव घातलंत. जावयांना घरात येऊन आठ महिने झाले. त्यांनी धनुर्धारी नीट पाहिला तरी का?

नाणं परत मागत नाही. पाकिटावरचं माझं नाव पाहूनही ते दिलंत का, एवढं १० डिसेंबरपर्यंत कळवा.

तुमची,
मीनल