एकशे ऐंशी जणांचं पुडिंग

३ फेब्रुवारी

चाळीस किलो! माझं शिलाई मशीन टेबलासकट जास्त भरेल. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं — जणू बहिणीच्या वाटचं सगळं मीच खाऊन बसलेय. माझं वजन विचारलं नाही, तेवढे उपकार.

"बेचाळीस झाल्याशिवाय मी भूल देणार नाही," म्हणाले. खुब्याचा सांधा बदलणारे मोठे डॉक्टर बाहेरून येतात. पंधरा मार्चला येणार, नंतर थेट सहा महिन्यांनी. आठ मार्चला पुन्हा वजन. तोवर दोन किलो चढवायचे, नाहीतर सहा महिने अंथरूण. आणि ह्या वयात सहा महिने अंथरुणावर काढले की माणूस सहसा परत चालत नाही, हे त्यांनी मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं. ताईला आतून सगळं ऐकू गेलं. तिचा खुबा गेलाय, कान शाबूत आहेत.

४ फेब्रुवारी

दूध — नको. सूप — नको. उकडलेलं अंडं — "वास येतो." केळं सोलून ठेवलं तर दोन तास तसंच. काळं पडलं, शेवटी मी खाल्लं.

एकतीस वर्षं मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती ही बाई. एकशे ऐंशी पोरांना रोज दोन वेळा जेवू घातलं. गेल्या वर्षी निवृत्त झाली, माझ्याकडे राहायला आली आणि जेवायचंच विसरली! पलंग मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारासमोर टाकलाय, तिला करमावं म्हणून. ती तिथून माझ्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवते. मी कांदा कापला तरी सुस्कारा टाकते.

५ फेब्रुवारी

आज चिडून विचारलं, "मग खाशील तरी काय, ते सांग." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पोरं शनिवारी पुडिंग खायची. ब्रेडचं."

बस्स. बुडत्याला काडीचा आधार. लगेच वही घेऊन बसले. सांग म्हटलं. तिनं सांगितलं: अठरा पुडे ब्रेड, अठरा लिटर दूध, नव्वद अंडी, चार किलो साखर, दोन किलो लोणी.

मी म्हटलं, "अगं, आपण दोघीच आहोत."

"दोघींचं मला येत नाही."

खरंच येत नाही! एकतीस वर्षं मोठी पातेली सोडून तिनं दुसरा स्वयंपाकच केलेला नाही. असू दे. चारचौघांपुरतं धरून सगळ्याला पंचेचाळीसनं भागलं. आठ स्लाइस, चारशे मिली दूध, दोन अंडी, नव्वद ग्रॅम साखर, पंचेचाळीस ग्रॅम लोणी. हिशेब अगदी मापात. बावन्न इंची घेर सव्वीसच्या कमरेत चुण्या घालून बसवणारी बाई आहे मी. मला काय अवघड?

६ फेब्रुवारी

अवघड मीठ निघालं. "मिठाची अर्धी मूठ," असं ताई म्हणाली होती. बाकी सगळ्याला भागलं, पण मुठीला कसं भागायचं, म्हणून अर्धी मूठ तशीच टाकली. गुरांनी चाटलं असतं असं पुडिंग झालं.

ताईनं चमचा जिभेला लावला आणि परत ठेवला.  

९ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा. मीठ चिमूटभर. ह्या वेळी ब्रेडच्या कडा टेप लावून कापल्या, सगळे तुकडे तीन इंची त्रिकोण. सवयीनं अर्धा इंच शिलाईपुरता जास्त सोडला. मग लक्षात आलं की ब्रेड शिवायचा नाही.

लोणी लावलं, रचले, दूध ओतलं आणि तडक ओव्हनमध्ये. वरून करपलं, आत कच्चं अंडं. ताई पलंगावरून म्हणते, "भिजू द्यायचं असतं. अर्धा तास."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आमच्याकडे आपोआप भिजायचं. अठरा पुड्यांना लोणी लावेपर्यंत."

डोकं धरून बसले. दुपारी शाळेचे बारा युनिफॉर्म कापायचे होते, ते राहिलेच.

१२ फेब्रुवारी

आज जमलं! कोमट दुधात साखर विरघळवली, अंडी फेटून घातली, गाळलं. लोणी लावलेले त्रिकोण तिरके रचले, मधे मनुका, वर जायफळ. अर्धा तास घड्याळ लावून भिजवलं. भांड्याखाली पाण्याचा ट्रे ठेवला, ही ताईची युक्ती. वरून सोनेरी, आत थलथलीत. घरभर वास.

तिला पलंगावर नेऊन दिलं. मी माझा तुकडा ओट्यावर ठेवला, उभ्या उभ्या एक घास खाल्ला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. बँकवाल्या बाई, पँट पुन्हा सैल करून हवीये. त्यांची पँट मी वर्षात तिसऱ्यांदा सैल करतेय. आता सोडायला कापडच उरलेलं नाही, पण हे त्यांना सांगायचं कुणी? त्या गेल्यावर माझा राहिलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. खरं सांगायचं तर मला अंड्याचा वास झेपत नाही. इथे लिहायला काय जातंय.

ताईचं ताट बघितलं. एक चमचा गेला होता.

"असं नव्हतं," म्हणाली.

"काय कमी आहे?"

"सांगता नाही येत. असं नव्हतं."

१३ फेब्रुवारी

जायफळ कमी करून केलं. "असं नव्हतं."

१४ फेब्रुवारी

साखर वाढवून केलं. "असं नव्हतं." आणि ओव्हन बंद पडला. त्यालाही कंटाळा आला असणार. कचऱ्याचा डबा मात्र माझ्यावर खूश आहे, घरात तेवढाच बाळसं धरतोय.

१५ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या वायरमनला बोलावलं. तिशीचा असेल, दाढीवाला, जिन्यात कायम शीळ घालत जातो. ओव्हन उघडायला बसला, सहज पलंगाकडे बघितलं आणि हातातला पाना खाली पडला.

"मावशी? तुम्ही इथे?"

वसतिगृहातलाच निघाला! दहा वर्षं तिच्या हातचं जेवलेला. ताईनं त्याला ओळखलं ते नावानं नाही. "तू आजारपणाचं सोंग करून दोनदा जेवायचास," म्हणाली. तो लाजला. दाढीत लाजलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

ओव्हन दीड तासात सुरू. मनात आलं, आयता साक्षीदार मिळालाय, सोडायचा कशाला? त्याला बसवून घेतलं, पुडिंग केलं, त्याच्यापुढे ठेवलं. पहिल्या घासाला डोळे मिटले. "काकू, तेच! तस्संच!" तीन तुकडे खाल्ले. कोपऱ्याच्या तुकड्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या म्हणे. एकदा ह्याचा दात पडला. शेवटी ट्रे चमच्यानं खरवडायचे, तेव्हा घासणाऱ्या बाईला काही कामच राहायचं नाही.

मी ताईकडे वळून बघितलं — कोर्टात केस जिंकल्यासारखी. ती त्याच्या ताटाकडे टक लावून बघत होती. मग तिनं स्वतःचं ताट ओढलं आणि चार चमचे खाल्ले. चार! मी मोजले.

कौतुक केलं की खाते, एवढंच दिसतंय. म्हातारपणी सगळेच फुगतात.

१६ फेब्रुवारी

तेच पुडिंग. तीच मापं. वरून मी सकाळपासून कौतुक करतेय: "ताई, काय तुझी कृती, काय तुझी युक्ती." अर्धा चमचा. "असं नव्हतं."

१७ फेब्रुवारी

दवाखान्यातली सिस्टर काटा घेऊन आली. एकोणचाळीस किलो सहाशे. दोन किलो चढवायचे सोडून चारशे ग्रॅम गेले.

सिस्टर गेली आणि माझा तोल सुटला. म्हटलं, "वायरमन सांगतो तेच आहे, जिभेला काय फरक कळतोय तुला? माझ्या हातचं नकोय, एवढंच सांग ना सरळ! लहानपणी तू सांगशील ते मी मुकाट गिळत होते, आणि तू माझ्या हातचे दोन घास खाऊ शकत नाहीस?" आणखीही बरंच बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मला हिनंच वाढवलं, हे बोलताना आठवलं पण जीभ थांबली नाही.

ताईनं चादर तोंडावर ओढून घेतली.

मला भीती वाटते. ही उठली नाही तर काय करायचं मला कळत नाही. लिहून ठेवते, कारण बोलायला जाईन तर पुन्हा भांडण होईल.

१८ फेब्रुवारी

अबोला. मशीनवर बसून सहा स्कर्ट उलटे शिवले, चुण्या आतल्या बाजूला. उसवत बसले.

१९ फेब्रुवारी

आज पुडिंग केलं ते रागानं. काय मोजलं न् काय नाही. तिला ताट दिलं, माझं ओट्यावर ठेवलं, एक घास घेतला, डब्याचं झाकण उघडलं.

"बघ," ताई म्हणाली. "परत टाकतेस."

"काय?"

"रोज टाकतेस. मी बघते ना इथून. एक घास, की डब्यात."

मी म्हटलं, माझं राहू दे, वजन तुझं वाढवायचंय. तर ही बाई मला समजावायला लागली, अगदी शांतपणे, नव्या कामवालीला समजावतात तसं. स्वयंपाकघरात चव कोण बघत बसतं? एवढा वेळ असतो का? ताटं परत येतात तेव्हा कळतं. ताटं लखलखीत आली तर जमलं. उष्टं टाकलेलं आलं तर बिघडलं, मग कुणी काहीही म्हणो. "इथे दोन ताटं. तुझं ताट रोज भरलेलं परत येतंय. बिघडलेलं आहे म्हणून तू टाकतेस, आणि मी खायचं?" आणि वर असं, "शिवाय आधी मलाच वाढतेस. पंगत उठल्याशिवाय मी कधी ताट घेतलंय? माझ्या घशाखाली उतरत नाही."

म्हणजे पंधरा दिवस मी जायफळ कमी-जास्त करतेय, आणि ही बसलीय माझं ताट तपासत! एवढा संताप आला. हसूही आलं. आधी हसूच आलं बहुतेक.

मग खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली. माझं ताट मांडीवर घेतलं. अंड्याचा वास, गोडमिट्ट, मनुका फुगलेल्या — सगळा तुकडा खाल्ला. ती बघत होती. शेवटचं दूध चमच्यानं निपटून काढलं आणि ताट तिच्यापुढे धरलं. तिनं ते हातात घेऊन उजेडाकडे तिरकं करून बघितलं. घासलेलं भांडं बघतात तसं.

मग स्वतःचा चमचा उचलला. पूर्ण तुकडा गेला. पाणी प्यायली आणि झोपली.

२० फेब्रुवारी

दोन्ही ताटं साफ.

२४ फेब्रुवारी

आता सगळंच ह्या पद्धतीनं. सूप आधी मी, मग ती. अंडं आधी मी, मग ती. दुधाचा पेला मी पालथा करून दाखवायचा. माझ्या स्कर्टचा हूक आज लागला नाही. दुसऱ्यांचे सैल करायचे सोडून स्वतःचा सैल करत बसले. बँकवाल्या बाई आल्या होत्या, माझ्या हातातला स्कर्ट कुणाचा ते ओळखलं असणार, कारण जाताना फार गोड हसल्या.

२ मार्च

वायरमन शनिवारी आपोआप उगवतो. "ओव्हन नीट चालतोय ना, बघायला आलो." ओव्हन खुर्चीवर बसून बघतो, हातात चमचा घेऊन. असू दे. तीन ताटं साफ परत जातात तेव्हा ताई जास्त खाते. आज कोपऱ्याच्या तुकड्यावरून त्यानं आणि मी वाद घातला, तर तिनं पलंगावरून दोघांनाही दम दिला आणि तुकडा सुरीनं मधोमध कापायला लावला. आवाज केवढा! खाली रस्त्यावर गेला असेल.

अंड्याच्या वासाचं म्हणाल तर — सवय झाली. आवडतं असं मी म्हणणार नाही.

८ मार्च

बेचाळीस किलो शंभर! पंधराची तारीख पक्की. भूल देणारे डॉक्टर मला म्हणाले, "काय खायला घातलंत?" माझ्याकडे नीट बघितल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही.

परत येताना गाडीत ताईचा हात धरून बसले होते. म्हटलं, आता तरी खरं सांग. पुडिंगची चव तुझ्या वसतिगृहातल्यासारखी आली का?

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला काय माहीत? तिथे कधी उरलंच नाही."