शेवटची कडी

७ ऑक्टोबर

आजपासून नवी नोकरी. चर्चमागच्या दोन खोल्यांतलं पाळणाघर, दहा मुलं, खिडकीबाहेर ओढा आणि त्यावरचा लाकडी पूल. पहिल्याच तासाला मुलांनी माझ्या कपाळावर भोपळ्याचं चित्र चिकटवलं, म्हणजे नेमणूक पक्की.

इंग्रिड सोलबर्गबाई सदतीस वर्षं हे चालवतात. फिरायला नेताना मुलं एका लांब दोरीला शिवलेल्या कापडी कड्या धरतात. बाई म्हणाल्या, डोकी मोजू नकोस लोर्ना, कड्या मोज, डोकी पळतात. कड्या अकरा. शेवटची लाल दोऱ्याने शिवून बंद केलेली. का, विचारलं, तर म्हणाल्या, ती रिकामी नाही, म्हणून.

१५ ऑक्टोबर

नवी मुलगी आली, पर्ल. चार वर्षांची. तिची आई कॉरिन चीजच्या कारखान्यात कामाला. तिने एकच सांगितलं, हिचा हात सोडू नका, ही कुणाच्याही मागे जाते. मी शब्द दिला. तिचा तळहात कायम गरम आणि जॅमने चिकट. या थंडीत माझीच सोय.

हॅलोविनच्या, म्हणजे महिनाअखेरच्या भुताखेतांच्या सणाच्या, मिरवणुकीचे बाईंचे नियम: उजेडातच परतायचं, मुखवटे नाहीत, झगे घोट्याच्या वर, घरोघरी मिळालेल्या गोळ्या आपण तपासल्याशिवाय तोंडात नाहीत. पर्लला भूतच व्हायचंय, उशीच्या अभ्र्याचं. बाई म्हणाल्या, होऊ दे, पण डोळ्यांची भोकं बशीएवढी काप.

२० ऑक्टोबर

चालण्याची तालीम. मुलं अकरा, उघड्या कड्या दहा. बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी लाल दोरा कापला आणि पर्लला शेवटची कडी दिली. ती खूश. उगाच एक कडी वाया जात होती.

२४ ऑक्टोबर

पुलावर पर्ल मागे वळून बोलत होती. मागे कुणी नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, मिस लोर्ना, तो म्हणतो ही कडी माझी आहे. आम्ही मुलांना रोज जे शिकवतो तेच मी हसून सांगितलं: मग दोघांनी वाटून घ्या.

२७ ऑक्टोबर

बाईंना सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या. बावीस वर्षांपूर्वी मिरवणुकीत शेवटच्या मुलाने पुलावर कडी सोडली. ओढा पिंजून काढला, तो सापडला नाही. मी म्हटलं, पुन्हा शिवू या. म्हणाल्या, आता शिवून काय, तू त्याला वाटा दिलास. पर्लचा हात तू धर. सोडू नकोस.

३१ ऑक्टोबर, दुपारी साडेचार

परतलो. पुलावर ऑटो नावाच्या मुलाची टोपी उडाली, तो कठड्याकडे धावला. त्याला ओढायला मी पर्लचा हात सोडला. दोन क्षण. वळले, तर अभ्र्यातला हात पुन्हा माझ्या हातात. गार पडला होता. वारा होता. मी त्या हातांना माझे हातमोजे घातले.

मोजले. अकरा.

पाच वाजून दहा

नऊ जण घरी गेले. दहाव्याला, ऑटोला, बाई सोडायला गेल्यात. कॉरिन साडेपाचला येईल. भूत खुर्चीवर बसलंय. अभ्रा काढू देत नाही. जॅमचं बिस्किट दिलं, घेतलं नाही. खुर्चीखाली पाणी —

पाच वीस

मोजे गळून पडले. आत काही —

बाहेरून हाक. मिस लोर्ना. पर्लचा आवाज. पुलाकडून — आता दाराशी. दार पूर्ण उघडायचा धीर नाही. फटीतून दोरीचं शेवटच्या कडीचं टोक बाहेर सोडलं. म्हटलं, धर, बाळा.

दोरी ताणली.

खुर्ची रिकामी.

डावा हात फटीतून बाहेर. उजव्याने लिहिते आहे, कॉरिन, तुला कळावं म्हणून. हात सापडला. गरम आहे, चिकट. तिचाच. मी सोडणार नाही. पण कडीत तिच्या बोटांवर अजून एक, गार —