विहिरीवरच्या सुनेचा चेहरा

नवीन जालना,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय साहेबराव,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत. उषाचे गुडघे धरलेत, माझा उजवा हात थरथरतो. रेडियमच्या नंबरप्लेटा आल्यापासून पेंटरला कोणी विचारत नाही. बियाण्यांच्या दुकानांच्या भिंतींवर कपाशीची बोंडं रंगवतो, तेवढंच. कंटाळा आलाय बाबा. तुझी मास्तरकी संपून पेन्शन सुरू झाली असेल. सगुणा बरी आहे ना?

मागच्या रविवारी पुण्याचा एक प्रकाशक पत्ता शोधत आला. आपल्या 'भुताचा पार' मासिकाचे बावीसच्या बावीस अंक त्याच्याकडे आहेत. माझ्याकडे एक नाही, आणि ह्या पठ्ठ्याने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून जपलेत! सगळ्या चित्रकथांचं मिळून त्याला जाड पुस्तक काढायचंय. लेखक आणि चित्रकार, दोघांच्या सह्या लागतात. तुझा कागद या आठवड्यात परतूरला पोचेल. मला 'मोठे कलावंत' म्हणाला. उषा आतल्या खोलीत हसली.

मुखपृष्ठावर त्याला 'विहिरीवरची सून' हवी आहे. म्हणे असा चेहरा दुसऱ्या कुणी काढलाच नाही. मी सही केली नाही. का, ते लिहायला बसलोय आणि दोन पानं फाडून झालीत.

भुतं खोटी हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच ती बेधडक लिहितो, असं तू म्हणायचास. शाळा सुटली की तुझ्या घरी आपली बैठक. तू गोष्ट सांगायचास, मी टाक शाईत बुडवायचो. तुझा नियम एकच: पहिल्या चौकटीतली देखणी बाई आणि शेवटच्या चौकटीतली हडळ एकच आहे, हे वाचकाला चेहऱ्यावरून कळलं पाहिजे. म्हणून मी आधी देखणा चेहरा पक्का करायचो, मग तोच बिघडवायचो.

चहा तुझी बहीण सगुणा आणून द्यायची. नवरा जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. एकदा म्हणाली, "असं काय बघून राह्यले? चहा थंडा होऊन राह्यला ना." मी मान खाली घातली. मला सगुणा आवडायची, साहेबराव. माझं उषाशी लग्न झालेलं, पदरी दोन लेकरं. बोलण्यासारखं काही नव्हतं. कागदावर तरी ती आपली, असं वाटलं. 'विहिरीवरच्या सुने'ची पहिली चौकट आठ दिवस घासत बसलो. भुवईवरचा व्रणसुद्धा सोडला नाही. शेवटच्या चौकटीचा विचारच केला नव्हता. छापखान्याचा निरोप आला तेव्हा ती एका दुपारात उरकली. तेच डोळे, तोच व्रण, खाली सुळे.

तिचं दुसरं लग्न तू घनसावंगीच्या मास्तराशी जमवत होतास. बघायला आलेल्या बायकांत एकीने तो अंक स्टेशनवर घेतलेला. "ही तर त्या पुस्तकातली हाय. न्हाई बाई, आमच्या घरात न्हाई पाहिजे." शिकलेली माणसं, चहा न घेता उठली. मग गल्लीतली पोरं तिला 'विहिरीवरची सून' म्हणून हाका मारू लागली.

तू मला विचारलंस, "भुजंग, खरं सांग. हा चेहरा कुठून आणलास?"

मी म्हणालो, जुन्या कॅलेंडरवरून, आणि व्रण म्हणजे टाकाचा ओरखडा. तू विश्वास ठेवलास आणि सगळा दोष स्वतःच्या गोष्टीला दिलास. त्यानंतर एक ओळ लिहिली नाहीस. सगुणाने पुन्हा स्थळ बघू दिलं नाही. मी जालन्याला पळून आलो आणि पत्रं कमी करत गेलो.

कॅलेंडर वगैरे काही नव्हतं. तुझ्या गोष्टीचा दोष नव्हता. तिचं वाईट व्हावं म्हणून मी काढलं नाही, पण तू विचारल्यावर खोटं बोललो ते जाणूनबुजून. उषाला यातलं काही माहीत नाही. आता कळलं तरी कळू दे, मी थकलोय.

हे पत्र सगुणाला वाचायला दे. पुस्तक निघावं की नाही, ते तिने सांगावं. तुझी-माझी सही त्यानंतर. ती काहीच बोलली नाही, तर ते नाहीच समज आणि तुझा कागद फाडून टाक. प्रकाशकाला मी कळवीन. मला उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन.

इतकी वर्षं ज्याला तू सख्खा भाऊ समजलास, तो
भुजंग