काजळ्या कुणाचा त्याचा कागद

मी, विश्वजित भाऊसो मेटकरी, वय अठरा पूर्ण, शिक्षण नववीतनं सोडलेलं, धंदा मेंढरं आन बैल, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, ह्यो कागद माझ्या हातानं, शुद्धीवर राहून, कुणी मानगुटीवर बसलेलं नसताना लिवून ठेवतो. दारू मी पीत न्हाई. रागात हाय, पण शुद्धीत हाय. राग येगळा आन येड येगळं, हे कोर्टानं ध्यानात घ्यावं.

आजीनं ह्यो कागद ऐकून छाती बडवून घेऊ न्हाई. मला काय बी झालेलं न्हाई. उद्या बैलगाडीचं मैदान हाय आन मला गाडीवर बसायचंय. कमिटीनं ड्रायव्हरसाठी हमीपत्र काढलंय. त्यात छापलंय, "शर्यतीदरम्यान माझ्या जीविताचे काही बरेवाईट झाल्यास आयोजक, बैलमालक अथवा शासन जबाबदार राहणार नाही." म्हंजे मी मेलो तर कोण कोण जबाबदार न्हाई ते त्येनी लिवलं. मग मी मेलो तर काय करायचं ते मी लिवतो. सतरा वर्साचा असताना मला गाडीवर बसवला, तवा असला कागद कुणी फुडं केला न्हाई. तवा मेलो असतो तर चाललं असतं वाटतं.

हे तोंडानं का सांगत न्हाई, तर मला चार माणसात बोलता येत न्हाई. शाळेत उभं करून धडा वाचायला लावला की घसा धरायचा. गुरुजी म्हणायचे, "मेटकरीचा रेडिओ बंद पडला." सगळा वर्ग हसायचा. एक दिवस दप्तर उचललं आन मेंढरामागं गेलो. त्या गुरुजींना ह्या कागदातनं काय बी देत न्हाई.

कलम १. काजळ्या.

काजळ्या म्हंजे आमचा खिलार बैल. डोळ्याला काजळ घातल्यागत काळी कड हाय म्हणून काजळ्या. त्याची आई वेतातच मेली. मी त्याला शेळीच्या दुधावर जगवला, बाटलीनं, माझ्या वाकळंत घेऊन. आजीनं, म्हंजे बयाबाई मेटकरी हिनं, सगळ्या भावकीफुडं सांगितलं, "ज्यानं जगवला त्याचा." तवा चुलतं आप्पासो तिथंच पान खात बसलं व्हतं आन मान हलवली व्हती.

मग सरकारचा माणूस कानात पिवळा बिल्ला मारायला आला. बिल्ल्याला मालकाचं आधार लागतं. माझं वय कमी. माझं वडील आन आई गलाईच्या धंद्याला तिकडं उत्तरेत, सोनं गाळत्यात, दिवाळीला येत्यात. म्हणून चुलत्याचं आधार दिलं. एका बिल्ल्यानं माझा बैल चुलत्याचा झाला. बैलाला इचारलं असतं तर त्येनं बराबर सांगितलं असतं.

तर काजळ्या माझा हाय आन मी मेलो तर तो चुलत बहीण सोनिया आप्पासो मेटकरी हिला द्यावा. चुलत्याला न्हाई, चुलत्याच्या पोरीला. ती अठराची होस्तोवर बिल्ला आजीच्या नावावर करायचा. पोरगी बैलाला काय करणार, असं कोण म्हणलं तर त्यानं येऊन बघावं. ती नुसती "ये बाळा" म्हणली की काजळ्या मान खाली घालून मागं चालतोय. वीरधवलला त्याला धरायला तीन गडी लागलं.

कलम २. ड्रायव्हर लोकांबद्दल माझी मतं.

मतं ही बी मालमत्ता हाय, म्हणून लिवतो. मोबाईलवर "चाकोरी आटपाडी" ह्या नावानं जो ड्रायव्हरांवर लिवतो तो मीच. आप्पा एकदा चहाच्या टपरीवर माझंच लिवलेलं मोठ्यानं वाचून दाखवत व्हते. "कोण हाय रं ह्यो? लय बेणं हाय, पण खरं लिवतंय." मी त्यांचा चहा हातात धरून उभा व्हतो. ते खातं सोनियाला द्यावं. जुनं काय खोडू नये. खाली माझी शेवटची मतं.

वीरधवल, वाईकडचा. एक नंबर म्हणून गाजतोय. मला इचाराल तर त्याचा हात एक नंबर न्हाई, बाही एक नंबर हाय. बाहीत करंटचं यंत्र लपवतोय. बैल पळत न्हाई त्याचा, बैल भ्यालेला असतोय. भ्यालेला बैल सरळ जात न्हाई, आडवा जातो. ज्या मालकांना हे कळत न्हाई त्येनी बैल विकून कोंबड्या पाळाव्यात.

जयराज. देखणा. गाडीवर बसल्यावर आधी कॅमेरा कुठं हाय ते बघतोय, मग कासरा. त्याला लगीनसराईत घोड्यावर बसवा.

लालासाहेब, कवठे महांकाळचा. वय पन्नाशीकडं. ह्या दोन जिल्ह्यात त्याच्यासारखा ड्रायव्हर न्हाई, झाला न्हाई. कासरा असा धरतो जसा पोराचा हात धरावा. न वढता, न सोडता. मला त्यानंच शिकवलं. मी बोलत न्हाई हे बघून म्हणला व्हता, "लय ब्येस. बैलाला बडबड्या माणसाचा कट्टाळा असतोय."

तो आता अंथरुणात हाय.

कोर्टाला मैदान म्हायती नसंल म्हणून सांगतो. एका छकडीला दोन बैलं, बहुतेक दोन येगळ्या मालकांची. त्या जोडीला आमी पैरा म्हणतो. प्रत्येक गाडीला आपापली चाकोरी आखलेली असती, दुसऱ्याच्या चाकोरीत जायचं न्हाई. काजळ्याचा पैरा नाथाजीच्या पाखऱ्याबर हाय. मागच्या मैदानात सेमीला आमच्या गाडीवर लालासाहेब आन शेजारच्या चाकोरीत वीरधवल. निम्म्यात वीरधवलनं करंट लावला. त्याची बैलं भडकली आन आडवी आमच्या गाडीवर आली. लालासाहेब खाली गेला आन चाक त्याच्या कमरेवरनं गेलं.

मी पळत गेलो. तवर माईकवरनं आवाज आला, "शर्यतप्रेमींनी घाबरून जाऊ नये, दोन्ही बैलं सुखरूप हैत!" टाळ्या पडल्या. टाळ्या! लालासाहेब तवा चाकोरीत तोंडावर पडला व्हता आन तोंडात माती व्हती. त्याचं नाव माईकवर कुणी घेतलं न्हाई. ड्रायव्हरचं नाव घ्यायची पद्धतच न्हाई, मालकांची घेत्यात. ॲम्ब्युलन्स व्हती, नियमच हाय. पण तिच्याम्होरं मालकांच्या गाड्या आडव्या लावल्या व्हत्या. आन वीरधवल त्याच दिशी फायनल मारून गुलालात नाचला.

सोनियानं सगळं शूटिंग केलंय. ते आमी कमिटीला दावलं. कमिटी म्हणली, "उन्हाची तिरीप हाय, नीट दिसत न्हाई." मला दिसलं. काजळ्याला बी दिसलं.

कलम ३. सरकार आन नियम.

चाबूक न्हाई, काठी न्हाई, करंट न्हाई, शेपूट पिरगाळायची न्हाई, डॉक्टरचा दाखला, कॅमेरा, परवानगी. हे सगळं मला मान्य हाय. जुनी माणसं म्हणत्यात, सरकारनं खेळ मारला. मी म्हणतो, चाबकाबिगर पळत न्हाई तो बैल घरी बांधा. माझा राग नियमावर न्हाई. सकाळी गेटवर समदे सायब लोक शिक्के घेऊन बसत्यात. झेंडा पडल्यावर चाकोरीत सरकार कुठं असतंय? बैलाच्या खुरापासनं शिंगापर्यंत तपासत्यात, वीरधवलची बाही कोण तपासत न्हाई. बैलाला डॉक्टरचा दाखला लागतो. ड्रायव्हरला काय लागतं? हमीपत्र.

मी मेल्यावर माझी एकच मागणी कमिटीला द्यावी. ड्रायव्हरनं अर्ध्या बाहीचा सदरा घालून बसायचं. बास. एवढ्यानं अर्धी चोरी बंद हुतीया.

कलम ४. उद्याचा अंदाज.

काजळ्या आन पाखऱ्या फायनलला जाणार. पहिलं येणार न्हाई. पाखऱ्या शेवटच्या टप्प्याला मान वर काढतोय, तिथं गाडी मार खाती. दुसरं किंवा तिसरं. पण ही जोडी आजून एक साल अशीच ठेवली, तर फुडच्या हंगामात हिला धरणारं कोण न्हाई. हे मी पैजेवर सांगतो. पण ठेवायची कुणाला हाय?

कलम ५. आप्पासो मेटकरी, माझं चुलतं.

ह्यांना वीरधवलचं लय येड. लालासाहेब दवाखान्यात असताना ह्यांनी त्यालाच काजळ्याच्या गाडीवर घेतला. परवा सरावाला वीरधवल गाडीवर चढला आन काजळ्या जुवासकट खाली बसला. उठंना. वीरधवल म्हणला, "बैल माजलाय, चार दिवस द्या, सरळ करतो." आन निघून गेला. म्हणून आप्पा आज सकाळी गोठ्यात आले. मी खरारा करत व्हतो.

"विश्वा, उद्याच्याला तू बस."

मी काजळ्याची पाठ घासत राहिलो.

"आरं तुला म्हणतोय. तोंडात मूग धरलंस काय?"

मी काजळ्याच्या दुसऱ्या अंगाला गेलो.

"ह्यो कागद घे. सही कर. आन म्हातारीला काय सांगू नगं."

तवा मी बोललो. "काजळ्या वाईच्या मालकाकडं विकला जाणार, खरं हाय?"

"कोण म्हणलं?"

"तानाजी."

"त्या तानाजीच्या तोंडाला बूच बसवाय पायजे. व्हय, जाणार. उद्या गुलाल पडला की जाणार. शब्द दिलाय मी. बैल काय दावणीला बांधून पुजायचा?"

"गाडीवर कोण बसणार?"

"वीरधवल. त्याच मालकाचा ड्रायव्हर हाय तो."

"आप्पा, काजळ्या माझा हाय."

"बिल्ल्यावर नाव कुणाचं हाय बघ जा. वाचता येतंय न्हवं? नववी शिकलाईस."

मला लय बोलायचं व्हतं. मी खरारा खाली ठेवला आन आत गेलो. आप्पा मागनं वरडत व्हते, "आरं सही!"

तर ती सही ह्या कागदावर हाय. आप्पा, तुमी लबाड हैसा. चोर न्हाई म्हणत, चोराला आपण चोरलंय हे कळतंय तरी. तुमी भावकीफुडं मान हलवून आता बिल्ला दावताय. ज्या माणसाच्या करंटनं लालासाहेब मोडला, त्याच्या हातात माझं पोर देताय. तुमचा हात धरून मी लहानपणी यष्टीत बसून शिंगणापूरची जत्रा बघितली, खांद्यावर बसवून बैलं दावली तुमीच. म्हणून जास्त राग हाय. परक्याचा एवढा राग येत न्हाई.

कलम ६. हे कलम मेल्यावर न्हाई, आत्तापासनं लागू.

मृत्युपत्र मेल्यावर चालू व्हतं असं म्हणत्यात. हे कलम थांबणार न्हाई. मी जगलो तरी काजळ्या विकायचा न्हाई. आता मी अठरा पूर्ण हाय, मंगळवारी बिल्ला माझ्या आधारवर करायचा. आप्पासो मेटकरी ह्यांनी ह्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी. त्येनी सही केली तर मी त्यांच्या हमीपत्रावर करीन आन गाडीवर बसीन. न्हाई केली तर उद्या गाडीवर कोण बसवायचा तो बसवा, काजळ्या खाली बसंल. तो माझ्यापेक्षा हट्टी हाय आन माझ्यासारखाच बोलत न्हाई.

कलम ७. बाकीच्या वस्तू.

दोन शेळ्या आजीला. आजी, रडायचं असंल तर एकदाच रड, रोज उठून रडू नगंस, शेळ्या दूध देत न्हाईत. मोबाईल सोनियाला. घुंगरमाळ काजळ्याच्याच गळ्यात राहू दे. आप्पांच्या कपाटात मैदानाच्या ढाली मांडल्यात, त्यातल्या लालासाहेबानं मारलेल्या सगळ्या त्याच्या घरी न्हेऊन द्याव्यात. एकीवर बी त्याचं नाव न्हाई. ढाली न्हेताना सोनियानं खिळ्यानं कोरावं, वाकडं आलं तरी चालंल. माझा कासरा बी लालासाहेबाला. त्याचाच हाय. चाबूक माझ्याकडं नव्हता, म्हणून वाटणीला न्हाई.

वीरधवलला माझी एक जुनी बनियन. तिला बाही न्हाई.

कलम ८. शेवटची सूचना.

मी उद्या पडलो, तर माईकवर आधी माझं नाव घ्यायचं. पूर्ण नाव. मग बैलांचं सांगायचं. मधे टाळ्या वाजवू नयेत.

हे सगळं मी लिवलं, सोनियानं आजीला वाचून दावलं. आजी म्हणली, "लिवलंस ते ब्येस. पण पडू नगंस." ते कायद्यात कसं लिवायचं मला म्हायती न्हाई, म्हणून तसंच लिवलं.

ठिकाण: गोठा, ता. आटपाडी, जि. सांगली
तारीख: २४ जानेवारी २०२६, शनिवार

सही: विश्वजित भाऊसो मेटकरी

साक्षीदार पहिला: तानाजी, गाडी सुटताना बैलं धरणारा. मी सगळं ऐकलं. माझ्या तोंडाला बूच बसवायचं म्हणलेलं बी ऐकलं. सही.

साक्षीदार दुसरा: आप्पासो मेटकरी, चुलता. कागद वाचला, दोनदा वाचला. लबाड म्हणलंय ते मला मान्य न्हाई. मी भावकीफुडं मान हलवली व्हती, ते खरं हाय. वाईला फोन करून शब्द माघारी घेतला, शिव्या खाल्ल्या. माईकवाल्याला चिठ्ठी दिली हाय, विश्वजित भाऊसो मेटकरी, ड्रायव्हर. पोरगं पडायची वाट बघू नगंस म्हणलं, नाव झेंडा पडायच्या आधीच घे. सही.