वेंधळ्याचा कंद

विनयार्ड,
१४ ऑक्टोबर

प्रिय नोरीन,

पत्र पोचलं. तुमचा गुडघा आता वळतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे मी ठीक, मांजर ठीक, समुद्रावरचा वारा मात्र आठवडाभर डोकं उठवतोय. शाळेच्या कॅन्टीनमधल्या ओव्हननं शेवटी राम म्हटला, त्यामुळे पोरांना थंड सँडविच खावी लागतायत आणि शिव्या मला.

‘प्रिय नोरीन’ लिहिताना पेन अडखळलं बरं का. चौदा वर्षं ‘मम’ म्हणत आले. पण तुमच्या डॅरनचं आणि माझं लग्न आता कागदोपत्रीही संपलं, तेव्हा तुम्हाला कोणत्या हक्कानं काय म्हणायचं ते कळेना. तुम्हीच सांगा. तोवर नोरीन.

शेडचं छप्पर गळून तुमचे डेलियाचे सगळे गड्डे भुशातच कुजले हे मी दोनदा वाचलं. वेंधळासुद्धा? माझ्या सासऱ्यांचा, क्लॅरींचा वेंधळा? त्यांनी मुठीएवढा पांढरा गोंडा मिळावा म्हणून बी पेरलं होतं आणि उगवलं हे ताटाएवढं जर्दाळू रंगाचं ध्यान, मान टाकून बसणारं. प्रदर्शनात परीक्षकानं विचारलं होतं ना, ‘या फुलाची झोप झाली की बोलवा’? क्लॅरी आठवडाभर घुश्शात होते, आणि मग त्यांनी तोच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावला. तो कुठल्या दुकानात मिळत नाही, कुणाकडे नाही. म्हणजे आता तुम्ही मला दिलेला तेवढाच उरला, माझ्या मागच्या अंगणात.

तुम्ही लिहिलंत, एक कंद पाठव, डॅरन आणि कर्स्टीनं अल्व्हरस्टोनला घर घेतलंय, तिला बागेत लावायचाय. बरं. पाठवते. त्यात काय एवढं.

रविवारी गड्डा उकरला, पाइपनं धुतला, जुन्या पावाच्या सुरीनं कंद सोडवले. पहिल्या वर्षीची मी मला आठवले. तुम्ही म्हणालात, हवे ते निवड, आणि मी अधाशासारखे सगळे जाडजूड उचलले. तुम्ही ओट्याला टेकून हसत सुटलात. ‘अगं, लठ्ठ दिसला की भाळायचं नाही! जुन्या दांड्याला चिकटतो तिथं, मानेशी बघ, डोळा आहे का. डोळा नाही तर तो नुसता बटाटा. उन्हाळाभर मातीत लोळेल, पण कोंब म्हणून फुटायचा नाही.’ मला इतकी लाज वाटली होती की कान तापले.

कर्स्टीसाठी सगळ्यांत जाड कंद काढून ठेवलाय. उद्या कोरड्या भुशात गुंडाळून पोस्टात टाकते. तिला आवडेल.

कपच्या दिवशी, घोड्यांच्या शर्यतीच्या त्या मंगळवारी, दरवर्षीसारखं लावणीला यायला मला यंदा जमेलसं दिसत नाही. काम आहे.

आपली,
केरिन पेल्हम


विनयार्ड,
२८ ऑक्टोबर

प्रिय मम,

काल फोनवर तुम्ही खडसावलंत म्हणून असं लिहितेय. ‘नोरीन काय नोरीन! नोरीन मला बँकेतली ती पोरगी म्हणते. आणि हे माहेरचं पेल्हम कोण? मी दोनदा पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, कुणाचं पत्र म्हणून.’ मी हसले.

ते कंदाबद्दल.

तुम्ही म्हणालात, ‘पोचला गं. चांगला गलेलठ्ठ आहे.’ मी वाट बघत होते, आता बोलाल, आता बोलाल. तुम्ही म्हणालात, ‘कर्स्टीला दिला नाहीये अजून. खिडकीत ठेवलाय. बघू, त्याला काही सुचतंय का. कपला वेळ आहे अजून.’ आणि लगेच मांजराची चौकशी.

मम, त्या कंदाला काही सुचायचं नाही. ते तुम्हाला पाकीट फोडल्या फोडल्याच कळलं असणार. त्याला डोळा नाही. मी मुद्दाम तसा निवडला. एकेक कंद उजेडात धरून, बोटानं मान चाचपून, डोळेवाले सगळे एका बाजूला केले आणि हा पाठवला. पन्नास वर्षं डेलिया फोडणाऱ्या बाईच्या हातात आंधळा कंद, आणि तोही तिनंच शिकवलेल्या खुणेवरून शोधलेला! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

मला काय हवं होतं तेही सांगून टाकते, आता लपवण्यासारखं उरलंय काय. काठी आधी ठोकायची, मग कंद ठेवायचा, हे तुम्ही तिला शिकवणार. ती काठी ठोकणार, कंद ठेवणार, वर लेंडीखत घालणार. आणि मग फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, सगळ्या गल्लीत डेलिया फुललेले असताना तिच्या वाफ्यात नुसती काठी उभी. रोज सकाळी चहा घेताना तिनं ती काठी बघावी. मी तुमच्या पाकिटावर तिकीट चिकटवताना हे सगळं डोळ्यांपुढे आणलं आणि मला मजा वाटली. खरंच वाटली. पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर मात्र मजा संपली.

कर्स्टीचा राग आहेच, नाही कशाला म्हणू. पण नवरा गेला त्याचं रडून झालं माझं. घोरायचा, आणि ओले टॉवेल पलंगावर टाकायचा. तुमच्या पत्रात ‘कर्स्टीला लावायचाय’ हे वाचलं तेव्हा जे आत तुटलं ते वेगळं होतं. वकिलाकडे आम्ही घर वाटलं, गाडी वाटली, तुम्ही दिलेल्या चिनी मातीच्या बशासुद्धा वाटल्या. तुम्ही कुणाच्या वाट्याला, हे कुणी विचारलंच नाही. मला मूल असतं तर तुम्ही आजी म्हणून तरी माझ्याकडे आला असतात. आपल्यात आता हा एक वेंधळाच आहे. तो तिच्या अंगणात फुलायला लागला की तुम्हाला माझ्याकडे यायचं कारण उरणार नाही, असं मला वाटलं. भीती वाटली मम. म्हणून केलं.

तुम्ही मला रागावला असतात तर सोपं गेलं असतं. तुम्ही खिडकीत ठेवलात आणि माझी वाट बघत बसलात.

फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, ‘कर्स्टीही येतेय कपच्या दिवशी. ती येतेय म्हणून तू यायचं नाहीस असं काही नाही हं. तुझी खुर्ची तुझी आहे. कमी पडली तर डॅरन उभा राहील, बसून बसून पोट सुटलंय त्याचं.’ मी काहीतरी पुटपुटले, कॅन्टीनचं काम वगैरे. शाळेत कुणाला कळणारही नाही मी नसले तर. ओव्हन अजून बंदच आहे.

तर मंगळवारी मी येते. निम्मे कंद बरोबर आणते, सगळे डोळेवाले. डोळे आता इतके फुगलेत की चष्मा नको. पहिला कंद तुमच्या खिडकीखाली, क्लॅरींच्या जागी. तुमच्याकडे शेफिल्डला रात्री अजून दहिवर गोठत असेल तर वरून गवत घालू. दोन कर्स्टीसाठी. तिला शिकवायचं मात्र तुम्ही. मी तिच्याशी गोडगोड बोलेन अशी आशा धरू नका, अजून तेवढी मोठी झाले नाही मी. खोरं मागितलं तर देईन. आणि कोंब दिसेपर्यंत पाणी घालू नकोस, एवढं सांगेन. नाहीतर कुजवेल बिचारी.

खिडकीतला तो बटाटा टाकू नका. तो मी आल्यावर माझ्या हातानं खतात पुरेन, तुमच्यासमोर.

सँडविचं मी आणते, चिकनची, कडा काढून, तुम्हाला आवडतात तशी. शर्यत सुरू व्हायच्या आत लावणी उरकू. गुडघ्याला ताण देऊ नका, वाकायचं काम माझं. काठ्या तेवढ्या तुम्ही धरा.

तुमच्या घरची,
केरिन